किर्र करतो तो कोण?

रात्रीची वेळ आहे. गावातली वीज गेली आहे. विहिरीवरची मोटार थांबली आहे. घराघरांतले टीव्ही मुके झाले आहेत. माणसे अंगणात येऊन बसली आहेत. आता जरा कान देऊन ऐका. काय ऐकू येते?

किर्र... किर्र... किर्र...

भिंतीच्या कडेला, सरपणाच्या ढिगात, गोठ्याच्या मागे, बांधाच्या गवतात, सगळीकडे तोच आवाज. वीज होती तेव्हाही हा आवाज होताच. आपले लक्ष नव्हते, एवढेच.

आपण 'किर्र रात्र' म्हणतो. 'किर्र अंधार' म्हणतो. खरे पाहता अंधाराला काही आवाज नसतो. हा आवाज असतो एका किड्याचा. आपल्या वाडवडिलांनी तो इतक्या रात्री ऐकला, की शेवटी अंधारालाच त्याचे नाव देऊन टाकले.

हा किडा म्हणजे रातकिडा. आपण सर्वांनी तो हजार वेळा ऐकला आहे. पण तो आवाज काढतो कशाने? आणि रात्रभर काढतो तो कशासाठी? चला, आज हेच पाहू.

नातवाचा प्रश्न

भीमाकाठच्या एका गावात आजी आणि नातू असेच अंगणात बसले होते. पाऊस नुकता उघडला होता. रातकिड्यांनी नुसता गिल्ला केला होता.

नातवाने विचारले, "आज्जी, ह्यो कोण वरडतोय गं?"

"रातकिडा हाय, बाळा. झोप आता."

"केवढा असतोय?"

"आसंल की बोटाच्या पेराएवढा."

"मग एवढासा किडा एवढ्या मोठ्यानं कसा वरडतोय? त्याचा गळा केवढा आसंल?"

आजीला हसू आले. ती म्हणाली, "आरं, म्या काय त्याचा गळा बघितलाय व्हय? साठ वर्सं झाली आवाज ऐकतीया. गळा काय दिसला न्हाई कधी."

आजी बोलली ते अगदी खरे होते. रातकिड्याचा गळा कोणालाच दिसलेला नाही. कारण गाण्यासाठी त्याला गळा नसतोच.

तोंड आहे, पण ते खाण्यापुरते

आधी आपला आवाज कसा निघतो ते पाहा. गळ्यावर बोट ठेवा आणि 'आ' म्हणा. बोटाला थरथर लागते ना? आपल्या छातीत फुप्फुसे आहेत. फुप्फुसांतली हवा गळ्यातून वर येते. गळ्यात दोन नाजूक पडदे आहेत. हवा लागली की ते थरथरतात. त्या थरथरीचाच आवाज होतो.

आवाज म्हणजे थरथर. हे एक वाक्य पक्के ध्यानात ठेवा. हलगीवर काडी पडली की कातडे थरथरते. एकतारीची तार छेडली की तार थरथरते. थरथर नाही तर आवाज नाही.

आता किड्याकडे या. किड्याला फुप्फुसे नसतात. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक भोके असतात. त्या भोकांतून हवा आत जाते आणि बाहेर येते. तोंडातून तो श्वास घेत नाही. म्हणून तोंडातून त्याला बोलताही येत नाही. तोंड फक्त कुरतडायला आणि खायला.

मग थरथर आणायची कोठून? किड्याने यावर एक युक्ती काढली. अंगाचा एक भाग तो दुसऱ्या भागावर घासतो.

फणी घ्या, नख ओढा

घरात केस विंचरायची फणी असेल. ती हातात घ्या. तिच्या दात्यांवरून अंगठ्याचे नख ओढा. हळू ओढा. टक्, टक्, टक् असा आवाज येईल. एकेका दात्याचा आवाज वेगळा ऐकू येईल. आता नख झरकन ओढा. सगळे 'टक्' एकमेकांत मिसळतील आणि 'टर्र' असा एकच आवाज होईल.

आता तीच फणी पत्र्याच्या रिकाम्या डब्यावर टेकवून धरा आणि पुन्हा नख ओढा. आवाज एकदम मोठा झाला ना?

झाले. रातकिड्याचे सगळे गुपित तुमच्या हातात आले. फणीचे दाते, त्यावर ओढायचे नख, आणि आवाज मोठा करणारा डबा. या तिन्ही वस्तू रातकिडा आपल्या अंगावर वागवतो. त्या त्याच्या पंखांत असतात.

पंखातली कानस

आपल्याकडे नेहमी दिसणारा एक रातकिडा काळा असतो. पंखांच्या मुळाशी त्याला दोन पिवळसर ठिपके असतात. त्याच्या पाठीवर दोन पुढचे पंख एकावर एक मिटलेले असतात. बहुतेक रातकिड्यांत उजवा पंख वर असतो आणि डावा खाली.

वरच्या पंखाच्या खालच्या अंगाला एक जाड शीर असते. त्या शिरेवर ओळीने दाते असतात. लोहाराची कानस असते ना, तशीच ही शीर. दाते इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. भिंगातून पाहावे लागतात. जातीप्रमाणे ते पन्नासांपासून अडीचशेपर्यंत असतात. खालच्या पंखाची कड कठीण असते. ती झाली नखाच्या जागी.

गायचे असले की रातकिडा दोन्ही पंख पाठीवर जरासे उचलतो. मग ते उघडतो आणि मिटतो, उघडतो आणि मिटतो. पंख मिटताना कड दात्यांवरून ओढली जाते आणि आवाज निघतो. उघडताना आवाज होत नाही.

आता डब्याचे काम कोण करते? पंखातच शिरांच्या मध्ये पातळ, ताणलेला पापुद्रा असतो. हलगीचे कातडे कसे ताणलेले असते, तसा. दाते घासले की हा पापुद्रा थरथरू लागतो आणि आवाज मोठा करतो. म्हणून पेराएवढा किडा साऱ्या अंगणाला ऐकू जातो.

हे काम किती वेगाने चालते ते ऐका. ठिपक्यांचा हा काळा रातकिडा एका 'किर्र'मध्ये तीन ते पाच वेळा पंख मिटतो. आणि गाताना त्याचा पंख सेकंदाला जवळजवळ पाच हजार वेळा थरथरतो. पुरुष माणूस साधे बोलतो तेव्हा त्याच्या गळ्यातले पडदे सेकंदाला शे-सव्वाशे वेळा थरथरतात. म्हणून आपला आवाज जाड आणि रातकिड्याचा आवाज तिखट, कानात घुसणारा.

नाकतोडा पायाने वाजवतो

रातकिड्याचा भाऊबंद म्हणजे नाकतोडा. शाळूच्या रानात, माळाच्या गवतात चालू लागलो की हे पायाशी उड्या मारतात. नाकतोडा दिवसाचा गडी. उन्हात गवतातून बारीक 'चिर्र चिर्र' असा आवाज येतो, तो पुष्कळदा त्याचा असतो.

त्याची तऱ्हा निराळी. तो पंखावर पंख घासत नाही. त्याच्या मागच्या लांब पायांची मांडी तुम्ही पाहिली असेल. आवाज करणाऱ्या पुष्कळ नाकतोड्यांत या मांडीच्या आतल्या बाजूला बारीक खुंट्यांची ओळ असते. ही मांडी तो मिटलेल्या पंखाच्या शिरेवर वरखाली घासतो. सारंगीवाला तारेवर गज फिरवतो ना, अगदी तसेच. पाय झाला गज आणि पंख झाला तार.

काही भुंगेरेही असेच घासून आवाज काढतात. लांब मिशांचा भुंगेरा चिमटीत धरला तर तो मान वरखाली करतो आणि 'चीं चीं' आवाज येतो. तो रडत नाही. मानेजवळची कड पाठीवर घासून तो तुम्हाला दचकवतो, म्हणजे तुम्ही त्याला सोडून द्यावे. काही मुंग्याही अंग घासून आवाज करतात. पण तो इतका बारीक, की आपल्या कानापर्यंत पोचत नाही.

पण सगळेच किडे घासून आवाज काढतात असे मात्र समजू नका. डासाची गुणगुण आणि माशीची भणभण ही उडणाऱ्या पंखांच्या फडफडीची. सह्याद्रीच्या झाडीत पावसाळ्याच्या आधी भर दुपारी कर्कश गोंगाट करणारा किडा असतो. त्याला सिकाडा म्हणतात. तोही घासत नाही. त्याच्या पोटाच्या दोन बाजूंना दोन ताशे असतात. डब्याचे झाकण दाबून सोडल्यावर जसे 'टक्' वाजते, तसे तो हे ताशे आतून ओढून सोडतो.

गाणारा नर, ऐकणारी मादी

आता दुसरा प्रश्न. रातकिडा हे सारे करतो कशासाठी?

रातकिड्यांत गातो फक्त नर. मादी गात नाही. तिच्या पंखांवर आवाजाची ती दातेरी कानस नसते. मादी ओळखायची खूण सोपी आहे. तिच्या शेपटाला सुईसारखी लांब नळी असते. ती नळी ओल्या मातीत खुपसून ती अंडी घालते.

नर बिळाच्या तोंडाशी बसून सांगत असतो, "मी इथे आहे, मी इथे आहे." अंधारात मादीला तो दिसत नाही. आवाजाच्या मागाने ती चालत येते. ती जवळ आली की नर गाण्याची चाल बदलतो. आवाज हळू आणि मऊ होतो. आणि दुसरा नर जवळ आला तर? मग आवाज तीव्र होतो. "माझ्या बांधावर पाय ठेवू नकोस," असे तो बजावतो. ऐकले नाही तर दोघांची जुंपते. एकाच बांधावरून भांडण फक्त माणसांतच होते असे नाही!

मादी खरेच आवाजाने येते, की नराच्या वासाने? याचा निकाल १९१३ साली लागला. इव्हान रेगेन नावाचे एक शास्त्रज्ञ होते. युरोपातल्या स्लोव्हेनिया देशात त्यांचा जन्म झाला होता. त्यांनी टेलिफोनच्या एका टोकाला गाणारा नर ठेवला. दुसऱ्या टोकाला मादी सोडली. तिथे नर नव्हता. त्याचा वास नव्हता. टेलिफोनमधून फक्त त्याचा आवाज येत होता. मादी चालत चालत टेलिफोनपाशीच गेली! तिला आवाजच बोलावतो, हे त्यावरून ठरले.

पण एका बांधावर चार जातींचे रातकिडे एकदम गात असतात. मादीचा गोंधळ होत नाही का? होत नाही. प्रत्येक जातीचा ताल वेगळा असतो. कोणी तुटक किरकिरतो, तर कोणी न थांबता एकसारखा लांब सूर लावतो. मादीला आपल्या जातीचा ताल जन्मापासून ठाऊक असतो. कागदावर पुष्कळ सह्या असल्या तरी आपल्या माणसाची सही आपण ओळखतो. रातकिड्याचा ताल ही त्याची सही आहे.

कान गुडघ्याखाली

ऐकायला कान हवेत. रातकिड्याचे कान डोक्यावर शोधू नका, सापडणार नाहीत. ते त्याच्या पुढच्या दोन पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली असतात. नाकतोड्याचे कान तर पोटाच्या सुरुवातीला, दोन्ही कुशींना असतात.

इतक्या जवळ इतका मोठा आवाज केला तर रातकिड्याचे स्वतःचेच कान बधिर व्हायला हवेत. ते का होत नाहीत? पंख हलवण्याचा हुकूम शरीरात सुटतो, त्याच वेळी ऐकणाऱ्या नसांनाही इशारा जातो, की "हा आवाज आपलाच आहे, तो सोडून द्या." इंग्लंडमधल्या केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी २००६ साली ही नसच शोधून दाखवली.

पानाचा आडोसा

झाडाझुडपांवर राहणारे काही रातकिडे नाजूक आणि फिकट रंगाचे असतात. अशी एक जात दक्षिण भारतात आहे. तिच्यातले काही नर मोठे हुशार. ते पानाला मधोमध भोक कुरतडतात. मग त्या भोकात उभे राहून पंख पानाला लावतात आणि गातात.

याने काय होते? पंखाच्या पुढून निघालेला आवाज आणि मागून निघालेला आवाज कडेने वळून एकमेकांत मिसळतात आणि एकमेकांना मारतात. मध्ये पानाची भिंत आली की तसे होत नाही. आवाज कितीतरी मोठा होतो.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रोहिणी बालकृष्णन आणि त्यांच्या सोबत्यांनी हे किडे बारकाईने पाहिले. २०२० साली त्यांनी सांगितले, की ही युक्ती सगळे करत नाहीत. जे अंगाने लहान असतात, ज्यांचा आवाज बारीक असतो, तेच जास्त करून पानाचा आधार घेतात. बळ कमी पडले की अक्कल चालवावी लागते, दुसरे काय!

गाणे जिवावर बेतते

आता जरा थांबून विचार करा. अंधारात बसून "मी इथे आहे" असे ओरडले, तर ते फक्त मादीलाच ऐकू जाते का? नाही. ते शत्रूलाही ऐकू जाते.

दूर समुद्रात हवाई नावाची बेटे आहेत. तिथे एक माशी आहे. ती गाणाऱ्या रातकिड्याचा आवाज ऐकून नेमकी त्याच्यापाशी येते. त्याच्या अंगावर आपल्या बारीक अळ्या सोडते. अळ्या त्याच्या पोटात शिरतात आणि त्याला आतून खातात. काही दिवसांत रातकिडा मरतो. म्हणजे जो गाईल तो मरेल, असा प्रकार झाला.

मग तिथल्या काउआई बेटावर एक नवल घडले. सपाट पंखांचे काही नर जन्माला आले. त्यांच्या पंखांवर गाण्याचे सामान जवळजवळ नव्हते. पंख हलवले तरी आवाज होईना. ते मुके होते, म्हणून माशीला सापडले नाहीत. ते जगले. त्यांची पिलेही जगली. वीसएक पिढ्यांतच त्या बेटावरचे बहुतेक नर मुके झाले. २००६ साली शास्त्रज्ञांनी ही हकीकत जाहीर केली. मग मुक्या नरांना मादी मिळते कशी? जे थोडे गाणारे उरले, त्यांच्या आसपास मुके नर दबा धरून बसतात. मादी येते ती गाणाऱ्याकडे, आणि वाटेत भेटतो हा!

म्हणजे गप्प बसणारा नेहमीच वाचतो का? तसेही नाही. आपल्या शेजारच्या कर्नाटकातली गोष्ट पाहा. तिथे पानासारखे हिरवे, लांब मिशांचे किडे असतात. त्यांचाही नर पंख घासून गातो. एक वटवाघूळ हे किडे पकडून आपल्या बसायच्या जागी आणून खाते. पंख तेवढे खाली पडतात. रोहिणी बालकृष्णन आणि त्यांच्या सोबत्यांनी ते पंख गोळा करून मोजले. कोणाला वाटेल, गाणारे नर जास्त मेले असतील. निघाले उलटेच. गप्प असणाऱ्या माद्याच जास्त मेल्या होत्या. कारण नर एका जागी बसून गातो. मादीला त्याच्याकडे जाण्यासाठी अंधारात उडावे लागते, आणि उडताना वटवाघूळ तिला गाठते. २०१५ साली हे प्रसिद्ध झाले.

बोलावणाऱ्यालाही धोका आणि जाणाऱ्यालाही धोका. आपल्याला जी नुसती किरकिर वाटते, तिच्यात दोन जीवांनी आपले प्राण पणाला लावलेले असतात.

थंडी पडली की ताल मंद

मृग बरसला आणि जमीन भिजली की रातकिड्यांचा जोर वाढतो. पुढे शाळू हुरड्याला येतो. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याचे दिवस येतात. तेव्हा रात्री गारठा असतो. त्या दिवसांत ऐका. आवाज कमी झालेला असतो. जो असतो तोही मंद, रेंगाळत येतो.

याचे कारण असे. आपले अंग थंडीतही गरमच राहते. किड्याचे तसे नाही. बाहेर गार झाले की त्याचे अंगही गार होते. अंग गार पडले की पंख हळू चालतात. ऊब आली की भराभर चालतात.

अमेरिकेत डोल्बेअर नावाचे एक प्राध्यापक होते. १८९७ साली त्यांनी यावरून हवेची ऊब मोजायचा हिशेब काढला. तो हिशेब आपल्या अंशांत मांडला तर असा होतो. आठ सेकंदांत किती वेळा किर्र झाले ते मोजा. त्यात पाच मिळवा. हवा साधारण तितके अंश गरम आहे. पण हा हिशेब अमेरिकेतल्या झाडावरच्या एका रातकिड्याचा आहे. आपल्या रातकिड्याला तो जसाच्या तसा लागू पडणार नाही. मात्र गरम रात्री ताल जलद आणि गार रात्री मंद, एवढे तुम्हीसुद्धा घड्याळ लावून पाहू शकता.

एकदम शांत झाले तर

रातकिडा शोधायला गेलो की तो गप्प होतो. हा अनुभव सर्वांना आहे. त्याच्या शेपटाजवळ दोन केसाळ काड्या असतात. हवेची जरा हालचाल झाली की त्यांना कळते. पायांना जमिनीचा हादरा कळतो. आपण चार पावले दूर असतो, तोवर त्याला बातमी पोचलेली असते.

खळ्यावर ज्वारीची रास पडली असता राखणीला निजणारे लोक हे जाणतात. रातकिड्यांची किरकिर चालू आहे तोवर आसपास सामसूम आहे. एका बाजूची किरकिर एकदम थांबली, तर तिकडे काहीतरी चालले आहे. माणूस असेल, कुत्रे असेल, रानडुक्कर असेल.

पण उठून तसेच अंधारात धावू नका. साप आणि विंचूही रात्रीच फिरतात. आधी बॅटरी लावा. पायात जोडा घाला. हातात काठी घ्या. दगडांच्या ढिगात किंवा सरपणात रातकिडा धरायला हात तर कधीच घालू नका. रातकिडा विषारी नाही. पण त्याच्या शेजारी कोण बसले असेल याचा नेम नाही.

रातकिडा पाहायचाच असेल तर दोघेजण जा. एकाने एका बाजूला उभे राहावे, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूला. आवाज जिकडून वाटतो तिकडे दोघांनी हात करावा. दोघांचे हात जिथे मिळतात, तिथे तो असतो. तो गप्प झाला तर न हलता उभे राहा. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू करील. मग बॅटरीचा उजेड टाका. पाठीवर उचललेले पंख थरथरताना दिसले, तर तुमच्या डोळ्यांनी तुम्ही आवाज पाहिला म्हणायचे!

रातकिडा गेला, की कान गेले?

त्या भीमाकाठच्या घरातच दुसऱ्या रात्री आजोबा म्हणाले, "पूर्वीवाणी रातकिडं ऱ्हायलं न्हाईत आता. पूर्वी कसं रान दणाणायचं!"

नातू म्हणाला, "आवं आजोबा, आत्ता वाजतोय की! न्हाणीच्या मागं. ऐकू येत न्हाई व्हय?"

आजोबांनी कान दिला. त्यांना काहीच ऐकू आले नाही.

वय झाले की कानाला आधी बारीक, तिखट आवाज ऐकू येईनासे होतात. रातकिड्याचा आवाज तसाच आहे. म्हणून एखाद्या म्हाताऱ्या माणसाला वाटते, रातकिडे संपले. संपलेले असतात कान. अशा वेळी पोराला जवळ बसवावे आणि विचारावे, "तुला येतोय का ऐकू?" त्याला येत असेल आणि आपल्याला नसेल, तर दवाखान्यात जाऊन कान तपासून घ्यावा. त्यात लाज कसली?

पण कधी पोरालाही ऐकू येत नाही. मग मात्र रान खरेच मुके झालेले असते. बांध नांगरून टाकले, गवताची काडी ठेवली नाही, गरज नसताना विषारी औषध फवारले, की पिकावरच्या किडीबरोबर हेही मरतात. नाकतोडे फार झाले तर पीक खातात, रातकिडे कोवळी रोपे कुरतडतात, हे खरे. पण चिमण्या, साळुंक्या, बेडूक आणि सरडे यांचे पोट त्यांच्यावरच भरते. वाळलेला पाला खाऊन रातकिडा त्याचे खतही करतो.

सोलापूरजवळ नान्नज येथे गवताळ माळ आहे. १९७९ साली तिथे माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. माळढोक हा मोठा, जड पक्षी. पण त्याच्या खाण्यात नाकतोडे आणि भुंगेरे पुष्कळ असतात. आज तिथे माळढोक क्वचितच दिसतो. माळ कमी झाले, गवत कमी झाले. गवत नाही तर नाकतोडा नाही, आणि नाकतोडा नाही तर त्याच्यावर जगणारा पक्षी नाही. अशी ही साखळी आहे.

म्हणून बांधावर हातभर गवत राहू द्या. कीड असेल तिथेच आणि लागेल तेवढेच औषध मारा.

आणि आज रात्री घटकाभर टीव्ही बंद करा. अंगणात बसा. पोरांना जवळ घ्या आणि कान द्या. गळा नसलेला तो एवढासा जीव अंधारात कोणाला तरी हाक मारत असेल.

वाचले ते सांगा

१. किड्याला तोंडाने आवाज का काढता येत नाही?
२. फणी, नख आणि डबा, या तिघांची कामे रातकिड्याच्या अंगावर कोण करते?
३. नाकतोडा कशावर काय घासतो?
४. टेलिफोनच्या प्रयोगावरून काय कळले?
५. आपल्या अंगणात आज किती तऱ्हेचे 'किर्र' ऐकू येतात? घरातल्या सर्वांनी मोजा आणि वहीत लिहा.